वाचनालयातली ‘शिफारस फळी’: बाळापासून आजोबांपर्यंत प्रत्येकाला पुस्तक कसं सुचवावं

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात शिरलं की उजव्या हाताला एक काचेचं कपाट होतं. वर पाटी, ‘नवीन पुस्तके’. कपाटाला कुलूप, किल्ली टेबलाच्या खणात. पुस्तकं दिसायची, म्हणजे त्यांचे कणे दिसायचे. मी कार्यकारिणीवर आलो त्या वर्षी एका दुपारी त्यातली सगळी, बेचाळीस पुस्तकं बाहेर काढली आणि मागची तारीखपत्रकं, म्हणजे पुस्तक कधीकधी गेलं त्याच्या तारखांचे चिकटवलेले कागद, बघितली. एकोणीस पत्रकं कोरी होती. काही पुस्तकांना येऊन दोन वर्षं झालेली, तरी पाटीप्रमाणे ती नवीनच!

आता त्या कपाटात जुने दिवाळी अंक आहेत आणि त्याच्या जागी एक साधी लाकडी मांडणी आहे. तिला आम्ही शिफारस फळी म्हणतो. ती कशी लावायची, तिच्यावर काय ठेवायचं आणि काय लिहायचं, ते पुढे क्रमाने सांगतो. एकाच कर्मचाऱ्यावर चालणाऱ्या ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे शासनाच्या वर्गवारीत सगळ्यात लहान असलेल्या ग्रंथालयालाही हे जमतं. आमचा खर्च पाचशे रुपयांच्या आत झाला, कारण मांडणी माळ्यावर पडून होती.

डॉ. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातली दुसरं आणि तिसरं अशी दोन सूत्रं: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. ‘वाचलीच पाहिजेत अशी शंभर पुस्तकं’ छापाच्या याद्या इथेच फसतात. यादी पुस्तकाचं मोठेपण सांगते. समोर उभ्या माणसाला मात्र एवढंच हवं असतं, की आज घरी जाताना पिशवीत काय टाकू?

आधी तारखा वाचा

पुस्तक निवडण्याआधी दोन दुपारी तारीखपत्रकांवर घालवा. ज्या वाचनालयात ई-ग्रंथालय किंवा तसली संगणकप्रणाली आहे त्यांनी देवघेवीचा अहवाल काढावा. बाकीच्यांना कपाटासमोर स्टूल घेऊन बसणं आलं. मागच्या बारा महिन्यांत सहापेक्षा जास्त वेळा गेलेलं पुस्तक बाजूला ठेवा, त्याला तुमची गरज नाही. ‘मृत्युंजय’ची शिफारस कोणी करावी लागत नाही, तिच्या प्रती शिवून शिवून चालवाव्या लागतात.

आपल्या कामाची ती झोपलेली पुस्तकं. एकेक हातात घ्या आणि हे का झोपलं असेल ते बघा. निम्म्या वेळा दोष मजकुराचा नसतोच. आपल्याकडे पुस्तक आलं की टिकावं म्हणून बांधणीला जातं आणि परत येतं ते विटकरी नाहीतर हिरव्या रेक्झिनमध्ये, कण्यावर पांढऱ्या शाईत दाखलअंक, म्हणजे नोंदवहीतला क्रमांक. मूळचं मुखपृष्ठ आत चिणलेलं. अशी चाळीस पुस्तकं ओळीने लावली की ते कपाट तलाठ्याच्या दप्तरासारखं दिसतं. उपाय सोपा आहे: आतल्या मुखपृष्ठाची रंगीत झेरॉक्स काढा आणि रेक्झिनवर बाहेरून चिकटवा. आम्ही पहिल्या झपाट्यात तीस पुस्तकांना हे केलं. यापुढे बांधणीला देतानाच ‘मुखपृष्ठ वर चिकटवून द्या’ असं बाइंडरला सांगून ठेवा. तो ऐकतो.

फळी कुठे, किती

जिथे माणसं ताटकळतात तिथे. बहुतेक वाचनालयांत ती जागा म्हणजे देवघेवीचं टेबल. एक जण पुस्तक जमा करत असताना मागचे दोघे भिंतीकडे बघत उभे असतात, त्यांच्या नजरेसमोर फळी यायला हवी.

पुस्तकं चोवीसच. पुढे सात वयोगट सांगणार आहे, त्यातल्या सहांना या फळीवर प्रत्येकी चार, एका गटाची वेगळ्या जागी. पन्नास ठेवली की ते पुन्हा कपाटच झालं. सगळी मुखपृष्ठ समोर करून, कणा दाखवून एकही नाही. टेकू म्हणून जुन्या टेबल-कॅलेंडरचे पुठ्ठ्याचे त्रिकोण उत्तम चालतात, वर्षअखेरीला बँकेतून आणि औषधाच्या दुकानातून हवे तेवढे मिळतात. लहान मुलांची रांग जमिनीपासून दोन फुटांवर ठेवा. वयस्करांची कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या पट्ट्यात, त्यांना वाकायला लावू नका. आणि कुलूप नको. पुस्तक उचललं, टेबलावर दिलं, नोंद झाली, गेलं. रिकामी झालेली जागा त्याच दिवशी भरायची. फळीवर भोक दिसलं की बघणाऱ्याला वाटतं, चांगलं होतं ते गेलं.

चिठ्ठी कशी लिहायची

खरं काम या चिठ्ठीत आहे, म्हणून इथे थोडा थांबतो.

पोस्टकार्डाएवढं जाड कार्ड घ्या. हाताने लिहा, टाइप केलेलं कोणी वाचत नाही, सूचनाफलकासारखं दिसतं. चार गोष्टी लिहायच्या: कोणासाठी, सुरुवातीला काय घडतं, अडचण काय, आणि शेवटी पानं किती व कोणी सुचवलं. ‘कोणासाठी’मध्ये नुसतं वय लिहून भागत नाही, माणसाची अवस्था लिहा. ‘सुरुवातीला काय’ म्हणजे पहिल्या वीस पानांतलं एखादं चित्र, कथासार नव्हे. अडचण तर लिहायचीच. पुस्तक जाड आहे, बोली अवघड आहे, पहिली पन्नास पानं रेंगाळतात, जे असेल ते. वाण्याने ‘हा तांदूळ जुना आहे, पण खिचडीलाच घ्या’ म्हटलं की आपला त्याच्यावर विश्वास बसतो, तसं आहे हे.

काही शब्दांना आम्ही बंदी केली आहे: वाचनीय, उद्बोधक, अप्रतिम, संग्राह्य, मनाला भिडणारे, अवश्य वाचा. माझ्या पहिल्या दहा कार्डांत यातले सगळे होते, आणि महिनाभरात त्या दहांपैकी दोनच पुस्तकं हलली.

नंतरची काही कार्डं अशी होती.

‘बनगरवाडी’, व्यंकटेश माडगूळकर: “ज्यांची पहिली नेमणूक आडगावात झाली त्यांच्यासाठी, आणि ज्यांचे वडील मास्तर होते त्यांच्यासाठी. एक पोरसवदा मास्तर धनगरांच्या वस्तीवर येतो. शाळा आहे, पोरं नाहीत. गोष्ट पळत नाही, माणसं भेटत जातात. दोन-तीन बैठकांत संपते.”

‘स्मृतिचित्रे’, लक्ष्मीबाई टिळक: “आत्मचरित्र म्हणजे उपदेश, असं वाटणाऱ्यांसाठी. वडिलांचं सोवळं, नवऱ्याच्या लहरी आणि हे सगळं सांगताना स्वतःलाही न सोडणारी बाई. जाड आहे, पण रोज थोडं वाचलं तरी धागा सुटत नाही. कमी पानांची संक्षिप्त आवृत्तीही मिळते.”

‘एक होता कार्व्हर’, वीणा गवाणकर: “शेतीचं शिक्षण घेणाऱ्यांनी आणि शेती विकायला काढलेल्यांनी. गुलामाच्या पोटी जन्मलेला मुलगा भुईमुगाच्या शेंगेत आयुष्य घालतो. पुस्तक 1981 चं आहे. घरात कोणीतरी वाचलेलं असेल, त्यांना विचारा.”

तिसरं कार्ड लावलं त्या महिन्यात ते पुस्तक तीन वेळा गेलं. आमच्याकडे भुईमूग होतो, एवढंच कारण. कार्ड आपल्या गावचं असावं ते यासाठी. धरणग्रस्तांच्या वसाहती आहेत त्या तालुक्यात विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’ला दोन ओळीही पुरतात. दुसरीकडे त्याच कादंबरीला आठ ओळी लागतील.

आता वयाप्रमाणे

तीन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी शिफारस अर्थात आईबाबांना करायची. जाड पुठ्ठ्याची, पानावर एकच चित्र असलेली पुस्तकं ठेवा आणि कार्डावर लिहा: “रोज हेच मागेल. रोज हेच वाचा.” पालक ही पुस्तकं नेत नाहीत त्याचं कारण विचारा, उत्तर ठरलेलं: “फाडेल हो, मग अनामतीतून कापाल.” आम्ही फळीवर पाटीच लावली, ‘फाटलं तर परत आणा, आम्ही चिकटवू’. साधी चिकटपट्टी मात्र वापरू नका, वर्षात पिवळी पडून पान खाते. पातळ जपानी कागद नाहीतर पतंगाचा पांढरा कागद आणि खळ, एवढ्यावर काम होतं.

चार ते सात वयाला मोठ्याने वाचून दाखवायची पुस्तकं. माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ आमच्याकडे इतकं फिरलंय की दुसरा संच घ्यावा लागला. निवडताना पानावर किती ओळी आहेत आणि वाक्य बोलल्यासारखं आहे का, ते बघा. खरेदीला पैसे नसतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी फुकट आहेत. वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेल्या असतात आणि छापूनही घेता येतात. मध्ये टाचणी मारली की पुस्तक तयार.

आठ ते दहा हा सगळ्यात अवघड गट, आणि त्यात आता निम्मी मुलं इंग्रजी शाळेतली. मराठी फाडफाड बोलतात, वाचायला लागली की जोडाक्षराला अडखळतात, रफार दिसला की थांबतात. अशा मुलाला सोपं म्हणून बाळांचं पुस्तक दिलं तर ते अपमान समजतं, आणि बरोबरच आहे त्याचं. त्याची समज दहा वर्षांची आहे, मागे आहे तो फक्त वाचायचा वेग. म्हणून विषय वयाचा द्या आणि मजकूर तुकड्यातुकड्यांचा: कोडी, घरी करायचे प्रयोग, विनोद, चित्रकथा. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतंय. त्याच्या जुन्या बांधीव फायली बऱ्याच वाचनालयांत धूळ खात असतात, त्या खाली काढा. जुने अंक बालभारतीने आंतरजालावरही मोकळे ठेवले आहेत.

पुस्तक झेपेल की नाही ते बघायला मुलाला मधलंच एक पान वाचायला सांगा. अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट. पान संपायच्या आत पाच बोटं उभी राहिली तर ते पुस्तक अजून सहा महिन्यांनी. त्यातूनही त्याला तेच हवं असेल तर कार्डाच्या मागे आईसाठी लिहा: “एक पान तुम्ही, एक पान त्याने.” ‘तोत्तोचान’ असंच वाचायचं पुस्तक आहे. चेतना सरदेशमुख गोसावी यांचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने काढलेला आहे, प्रकरणं लहान लहान आहेत. आगगाडीच्या डब्यात भरणारी शाळा म्हटल्यावर मूल नको म्हणत नाही.

अकरा ते चौदाला मालिका द्या. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, म्हणजे फुरसुंगीचा बनेश, अजूनही चालतो. कार्डावर मात्र लिहा, की यात मोबाइल नाही आणि पुण्यात सायकली आहेत. मालिकेतलं एकच पुस्तक फळीवर ठेवायचं, बाकीची टेबलाच्या मागे. एक वाचून झालं की “पुढचं आहे का?” हा प्रश्न येतोच, आणि तो प्रश्न मुलाने स्वतः विचारण्यात फार काही आहे.

पंधरा ते बावीसचे वाचनालयात येतात, पण आपल्याकडे येत नाहीत. सरळ अभ्यासिकेत जातात, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं स्वतःची आणतात, संध्याकाळी पाण्याची बाटली भरून निघून जातात. त्यांना कादंबरी सुचवली तर “परीक्षेनंतर” म्हणतात, आणि परीक्षा संपत नाही. त्यांची चार पुस्तकं मुख्य फळीवर ठेवू नका, अभ्यासिकेच्या दाराशी ठेवा. बारीक पुस्तकं, सव्वाशे पानांच्या आतली, शक्यतो कथा किंवा व्यक्तिचित्रं. कार्डावर लिहा, “एक कथा, पंधरा मिनिटं, चहाबरोबर.” नोंद न करता तिथेच बसून वाचू द्या. माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ अशीच उभ्याउभ्या वाचली गेली. दया पवारांचं ‘बलुतं’ तिथे ठेवलं तेव्हा एका मुलाने तीन दिवस तिथेच बसून संपवलं आणि चौथ्या दिवशी वर्गणी भरली. तोपर्यंत तो सभासदच नव्हता.

मोठ्यांबद्दल फार सांगत नाही, त्यांना काय हवं ते बहुधा ठाऊक असतं. एक गोष्ट मात्र सुटते. कित्येक बायकांची पुस्तकं नवरा नाहीतर मुलगा बदलून नेतो. घाईत हाताला लागेल ते, “आईला काहीही चालतं.” आईला काहीही चालत नाही, तिला विचारलेलं नसतं. अशा सभासदांच्या पुस्तकात घरी जाणारी एक चिठ्ठी घाला: तीन पुस्तकांची नावं, प्रत्येकाबद्दल एक ओळ आणि समोर चौकोन. “हवं त्यावर खूण करून चिठ्ठी परत पाठवा.” आमच्याकडे पहिल्याच खेपेला अकरापैकी सात चिठ्ठ्या परत आल्या, एकीवर खाली पेनाने लिहिलेलं: ‘रहस्यकथा नाहीत का?’

वयस्कर वाचकांच्या बाबतीत आधी टाइप बघा, मग विषय. पुस्तक हातभर अंतरावर धरून तुमच्या चष्म्याने वाचता येत नसेल तर त्यांच्या चष्म्याने नक्कीच येणार नाही. मग वजन. झोपून वाचणाऱ्याला सातशे पानांचा ग्रंथ छातीवर पेलत नाही, त्याला दोन खंडांतली आवृत्ती द्या. टेबलावर एक भिंग दोरीने बांधून ठेवा, दीड-दोनशे रुपयांत येतं. विषयाचं म्हणाल, तर म्हातारपण म्हणजे अध्यात्म हे आपणच ठरवलेलं असतं.

तोंडाने विचारायचं ते

कार्ड सगळ्यांचं काम करत नाही. “काहीतरी चांगलं द्या” म्हणणारा माणूस टेबलाशी आलाच, तर “कुठले लेखक आवडतात?” असं विचारू नका. ती तोंडी परीक्षा वाटते, माणूस घाबरून दोन मोठी नावं घेतो. विचारायचं ते असं: मागचं कुठलं पुस्तक शेवटपर्यंत वाचलंत? कुठलं अर्ध्यात सोडलंत? आणि सध्या वाचायला वेळ कधी मिळतो?

दुसऱ्या प्रश्नात सगळं कळतं. एक आजोबा दर आठवड्याला संतचरित्र नेत आणि तसंच परत आणत. एकदा विचारलं.

“आजोबा, हे पूर्ण झालं का?”

“नाही हो. चार पानांत झोप लागते.”

“मग नेता कशाला?”

“सूनबाई बघते ना, काय आणलं ते.”

एस.टी.त वाहक होते ते, तीस वर्षं. प्रवासवर्णनं दिली. आता संतचरित्र वर आणि प्रवासवर्णन खाली अशी दोन पुस्तकं नेतात.

खरेदीला जोडून घ्या

नवी पुस्तकं निवडताना समितीसमोर प्रकाशकांची सूचिपत्रं असतात आणि सवलत किती यावरच बैठक संपते. तिथे मागणी वही न्या. टेबलावर दोरीला पेन बांधून ठेवलेली साधी वही, ‘आमच्याकडे नसलेलं कुठलं पुस्तक हवं होतं?’ साहित्य अकादमीचे बालसाहित्य आणि युवा पुरस्कार दरवर्षी मराठीलाही असतात, ती दोन नावं बघावीत. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांची यादीही. ग्रंथालयांना पुस्तकं पुरवणाऱ्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानकडून संच आला तर त्याच आठवड्यात त्यातली चार पुस्तकं चिठ्ठीसकट फळीवर गेली पाहिजेत, नाहीतर दाखल नोंदवहीतून ती थेट झोपायला जातात. आणि दहा नव्या नावांऐवजी कधीकधी आठच नावं घेऊन दोघांच्या दोन प्रती घ्या. शिफारस केलेलं पुस्तक तीन महिने मिळत नाही म्हटल्यावर माणूस पुन्हा विचारत नाही.

दिवाळी अंकांचं थोडक्यात. का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने 1909 मध्ये पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याकडे थंडीतलं वाचन म्हणजे दिवाळी अंक. त्या दोन-अडीच महिन्यांत फळीवर पुस्तकं कोणी बघत नाही, हट्ट करू नका. अंकांवरच चिठ्ठ्या लावा: “पान अमुक, ही कथा.” दोनशे पानांच्या अंकात काय वाचायचं हे कोणीतरी सांगितलेलं लोकांना हवंच असतं. त्या लेखकाचं जुनं पुस्तक आपल्याकडे असेल तर तेही तिथेच लिहा, म्हणजे संक्रांतीनंतर ते हलतं.

महिन्याचा हिशेब

पहिल्या शनिवारी अर्धा तास. वहीत चार रकाने: पुस्तक, फळीवर कधी ठेवलं, किती वेळा गेलं, चिठ्ठी कोणाची. महिन्यात एकदाही न गेलेल्या पुस्तकाची आधी चिठ्ठी बदला. पुढच्या महिन्यात जागा बदला. तरी नाही गेलं तर मुकाट्याने आत ठेवा, वाद घालू नका. माझं एक अतिशय आवडतं पुस्तक असं तीन वेळा आत गेलं आहे.

सभासदांच्या व्हॉट्सॲप गटावर चोवीस पुस्तकांची यादी टाकू नका. दिवसाआड एका कार्डाचा फोटो, मागे पुस्तक दिसेल असा. संध्याकाळी फोन येतो, “ठेवून द्या, येतोय.”

तीन-चार महिन्यांत लोक स्वतः कार्डं मागू लागतात. द्या. नियम तेच, चार गोष्टी आणि अडचण लिहायचीच. मोठ्यांना ती शेवटची अट जड जाते, ‘लेखकाबद्दल वाईट कसं लिहायचं?’ मुलांना काहीच वाटत नाही. सातवीतल्या एका मुलीने मागच्या महिन्यात कार्ड दिलं: “ज्यांना दादा त्रास देतो त्यांच्यासाठी. पहिली दहा पानं बोर आहेत. ती मी सोडली, तुम्ही पण सोडा. शेवटी रडू येतं पण थोडंच.” ग्रंथपाल म्हणाले, ‘पानं सोडा’ असं वाचनालयाने कसं लिहायचं? बराच खल झाला. शेवटी कार्ड जसंच्या तसं लावलं. शुद्धलेखन तेवढं दोन ठिकाणी दुरुस्त केलं, तेही तिला विचारून.